‘पुणे’ या शब्दाचे बारा अंक : वाचता न येणाऱ्या ई-मेलचा इतिहास

‘पुणे’ हा शब्द कागदावर दोन अक्षरांचा. आजच्या ई-मेलमधून तो प्रवास करतो तो मात्र बारा अंकांच्या रूपाने : २२४, १६४, १७०, २२४, १६५, १२९, २२४, १६४, १६३, २२४, १६५, १३५. पलीकडच्या संगणकाने हे अंक चुकीच्या तक्त्यावरून वाचले, की पडद्यावर एक चमत्कारिक माळ उमटते. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ चार वेळा येतो. मधूनमधून चलनाचे एक अनोळखी चिन्ह, जपानी येनचे चिन्ह, ब्रिटिश पौंडाचे चिन्ह, आणि शेवटी एक दुहेरी खंजीर.

‘मेल करप्ट झाला’ असे म्हणून अशी पत्रे पुसून टाकली जातात. वास्तविक बहुतेक वेळा त्यांत काहीच नासलेले नसते. बाराही अंक जसेच्या तसे आलेले असतात; ते कोणत्या तक्त्यावरून वाचायचे, एवढीच माहिती वाटेत गळालेली असते. मोडीतले पत्र वाचता आले नाही म्हणून ते खराब झाले असे कोणी म्हणत नाही. इथेही प्रकार तोच आहे, आणि या ‘लिपी’चा इतिहास जेमतेम साठ वर्षांचा आहे.

सुरुवात १९६३ पासून करावी लागते. त्या वर्षी अमेरिकेत ‘ॲस्की’ हा प्रमाण तक्ता प्रसिद्ध झाला. कोणत्या अंकाला कोणते अक्षर मानायचे हे ठरवणारी ती यादी. त्यात सात बिटांची सोय होती, म्हणजे शून्यापासून १२७ पर्यंत एकूण १२८ जागा. पहिल्या आवृत्तीत इंग्रजीची लहान अक्षरेसुद्धा नव्हती. ती १९६७ च्या आवृत्तीत आली. दूरमुद्रक यंत्रांसाठी आणि अमेरिकी कार्यालयांसाठी हे पुरेसे होते. फ्रेंचमधल्या स्वरांवरच्या खुणांचा, रशियन लिपीचा किंवा देवनागरीचा विचार त्या तक्त्यात असण्याचे कारणच नव्हते. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला ई-मेल पाठवला, तोही याच जगात.

खरी मेख पुढे बसली. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ‘आरएफसी ८२१’ हा दस्तऐवज लिहिला. ई-मेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसा सोपवायचा, याचे नियम त्यात आहेत. त्यातील एका कलमानुसार मजकूर सात बिटांच्या ॲस्कीत असावा आणि वाहिनी आठ बिटांची असली तर आठवा, सर्वांत डावीकडचा बिट शून्य ठेवावा. वाटेवरची कित्येक यंत्रे हा नियम काटेकोरपणे पाळत. आठवा बिट शून्य झाला, की १२७ च्या पुढचा प्रत्येक अंक १२८ ने कमी होतो. ‘पुणे’च्या बारा अंकांवर हा प्रयोग केला तर एकही अंक स्वतःच्या जागी राहत नाही.

या नियमाला सर्वांत सुंदर उत्तर सोव्हिएत अभियंत्यांनी आधीच देऊन ठेवले होते. १९७४ च्या सोव्हिएत मानकातून आलेल्या ‘कोई-८’ या तक्त्यात रशियन अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने लावलेली नाहीत. प्रत्येक रशियन अक्षर त्याच्याशी उच्चाराने जुळणाऱ्या रोमन अक्षरापासून बरोबर १२८ घरे पुढे बसवले आहे. म्हणून आठवा बिट कापला गेला, तरी ‘प्रिवेत’ (नमस्कार) हा शब्द रोमन लिपीत ‘प्रिवेत’ असाच वाचता येतो; फक्त मोठी अक्षरे लहान आणि लहान अक्षरे मोठी होतात. अपघात होणारच, हे गृहीत धरून केलेली ही रचना होती. तिची किंमतही होती. अंकांच्या क्रमाने शब्द लावले तर रशियन शब्दकोशाचा क्रम मिळत नाही. तरीही संगणकाच्या इतिहासातील हुशार तडजोडींत या तक्त्याला वरची जागा द्यावी लागेल.

पण एकच तक्ता राहिला असता तर प्रश्न सुटला असता. रशियन भाषेसाठी युनिक्स यंत्रांवर कोई-८, डॉसवर ८६६ क्रमांकाचा तक्ता, विंडोजवर १२५१ क्रमांकाचा, ॲपलचा आणखी निराळा, आणि आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा या सर्वांहून वेगळा. पाच तक्त्यांच्या या गोंधळातून उमटणाऱ्या अक्षरांना रशियनांनी ‘क्राकोझ्याब्री’ असे लाडके नाव दिले. बल्गेरियन लोक त्यांना माकडांची लिपी म्हणतात, जर्मन लोक अक्षरांची कोशिंबीर. जगात रूढ झाले ते जपानी नाव : ‘मोजीबाके’. ‘मोजी’ म्हणजे अक्षर आणि ‘बाके’ म्हणजे रूप पालटणे. जपानी लोककथांतील रूप बदलणाऱ्या भुतांसाठी जो शब्द आहे, त्याच घराण्यातला.

इंटरनेटवर गाजलेले एक छायाचित्र या संदर्भात पाहण्यासारखे आहे. फ्रान्समधून रशियात पाठवलेल्या एका टपाल पाकिटावर पत्ता लिहिला आहे, पण तो रशियनही नाही आणि फ्रेंचही नाही. पाठवणाऱ्याला पत्ता ई-मेलने मिळाला होता. त्याच्या संगणकाने कोई-८ मधील अंक पश्चिम युरोपच्या तक्त्यावरून वाचले, आणि पडद्यावर दिसलेली खुणांची अक्षरे त्या भल्या माणसाने पेनाने जशीच्या तशी उतरवून काढली. रशियन टपाल कर्मचाऱ्यांनी प्रत्येक खुणेवर मूळ अक्षर लिहून पत्ता उलगडला. चुकीची कळ असली तरी ती सर्वत्र सारख्याच रीतीने चुकलेली होती. म्हणून उलगडा शक्य झाला.

जपानने दुसरा मार्ग घेतला. हजारो अक्षरे १२८ घरांत मावणे अशक्य. १९८४ मध्ये जुन मुराई यांनी सुरू केलेल्या ‘जूनेट’ या जाळ्यावर अशी पद्धत रूढ झाली की मजकूर सात बिटांतच राहील, पण प्रत्येक कांजी अक्षरासाठी दोन अंक वापरले जातील, आणि ‘इथून जपानी सुरू’, ‘इथे जपानी संपले’ अशा खुणा मध्ये घातल्या जातील. या खुणांचे पहिले चिन्ह अदृश्य असते. एखाद्या यंत्राने ते अदृश्य चिन्ह कचरा समजून झाडून टाकले, की उरते ती डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी रोमन अक्षरांची बडबड. इलाज सोपा : गळालेले चिन्ह परत घातले, की मजकूर जिवंत होतो.

सगळ्यांसाठी लागू पडेल असे उत्तर आले जून १९९२ मध्ये. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी लिहिलेल्या ‘आरएफसी १३४१’ ने ‘माइम’ ही व्यवस्था मांडली. जोडपत्रांमुळे तिचे नाव होते. बोरेनस्टाइन यांनी त्याच वर्षी ११ मार्चला पाठवलेल्या मेलमध्ये आपल्या गायकवृंदाचे छायाचित्र आणि गाणे जोडले होते. पण या कथेत महत्त्वाची आहे ती माइमने पत्राच्या शीर्षभागात घातलेली एक साधी ओळ : हा मजकूर अमुक तक्त्यावरून वाचावा. लखोट्यावरच किल्लीचे नाव लिहिण्याची ही सोय होती.

सोबत दोन वेष्टनेही आली, कारण वाटेवरची जुनी यंत्रे सात बिटांचीच होती. पहिल्या वेष्टनात प्रत्येक अवघड अंकाऐवजी बरोबरचे चिन्ह आणि दोन ॲस्की खुणा लिहिल्या जातात. ‘पुणे’ त्यात ३६ खुणांचा होतो. दुसऱ्याचे नाव ‘बेस ६४’. त्यात तीन अंकांच्या जागी चार खुणा येतात. वेष्टन न उघडताच मजकूर दाखवला गेला, तर पडद्यावर निव्वळ खुणांचा ढीग दिसतो. तरीही देवनागरी त्यात ओळखू येते. ओळीची सुरुवात देवनागरीने होत असेल तर बेस ६४ मध्ये पहिला शब्दभर ‘चार-के-एस’ किंवा ‘चार-के-डब्ल्यू’ ही त्रयी दर चार खुणांनी परत येते. ती दिसली, की आत देवनागरी असल्याची जवळजवळ खात्री बाळगावी.

माइमने किल्लीचे नाव लिहायला सांगितले, पण किल्ल्यांचा जुडगा मोठाच राहिला. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची ‘८८५९’ ही तक्त्यांची मालिका होती : पहिला पश्चिम युरोपचा, पाचवा रशियन, सहावा अरबी, सातवा ग्रीक. या मालिकेत अकरानंतर एकदम तेरा येतो. बारावा क्रमांक देवनागरीच्या तक्त्यासाठी विचारात होता. ते काम १९९७ मध्ये अधिकृतपणे सोडून देण्यात आले. तोवर त्याची गरजही उरली नव्हती, कारण जगातील सर्व लिप्यांना एकाच यादीत जागा देणारे ‘युनिकोड’ १९९१ मध्येच आले होते आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती.

युनिकोडची यादी मोठी, पण ती ई-मेलच्या अरुंद नळीतून न्यायची कशी? सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात केन थॉम्पसन यांनी, रॉब पाइक समोर बसलेले असताना, ताटाखालच्या कागदावर एक रचना मांडली. तीच आजची ‘यूटीएफ-८’. ॲस्कीची अक्षरे तिच्यात पूर्वीसारखीच एकेका अंकात राहतात. इतर लिप्यांना दोन, तीन किंवा चार अंक लागतात. देवनागरीच्या वाट्याला तीन आले. पहिला अंक नेहमी २२४. दुसरा १६४ किंवा १६५. तिसरा त्या त्या अक्षराचा.

आता सुरुवातीच्या माळेकडे परत पाहावे. पश्चिम युरोपच्या तक्त्यात २२४ म्हणजे तिरप्या रेघेचा ‘ए’, १६४ म्हणजे चलनाचे सामान्य चिन्ह, १६५ म्हणजे येन. देवनागरीच्या यादीत स्वर, सर्व व्यंजने, काना आणि पहिली वेलांटी ही १६४ च्या घरात येतात. दुसऱ्या वेलांटीपासून पुढच्या उकार, मात्रा, हलन्त आणि अंक १६५ च्या घरात. म्हणून बिघडलेल्या मराठी मजकुरात येनची चिन्हे जिथे दिसतात, तिथे मूळ मजकुरात बहुधा उकार, मात्रा किंवा जोडाक्षर असते. एवढ्या खुणेवर सरावलेला डोळा शब्दाचा सांगाडा ओळखू शकतो.

दुरुस्तीची रीत यातूनच निघते. मेलचे मूळ रूप, म्हणजे शीर्षभागासकट कच्चा मजकूर, उघडून किल्लीची ओळ पाहावी. ती नसेल किंवा खोटी असेल, तर वाचण्याचा तक्ता हाताने बदलून यूटीएफ-८ करावा. तोवर तो मेल पुढे पाठवू नये, त्यातून नक्कल करून दुसरीकडे चिकटवूही नये. कारण बिघडलेले रूप पुन्हा जतन झाले, की तेच ‘खरे’ ठरते. त्या रूपावर यूटीएफ-८ चा दुसरा थर चढतो, मग तिसरा, आणि दर वेळी मजकूर दुपटीने फुगतो. हे थर उलट क्रमाने सोलता येतात, पण मधला एकही अंक हरवलेला नसला तरच.

आणि अंक हरवतात. विंडोजच्या पश्चिम युरोपीय तक्त्यात, क्रमांक १२५२ मध्ये, पाच जागा रिकाम्या आहेत : १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. त्या जागेचा अंक आला, की काही प्रोग्राम तो टाकून देतात, काही तिथे प्रश्नचिन्ह ठेवतात. देवनागरीत या पाच जागांवर कोण येते? पहिला उकार, हलन्त, ए, ऐ, झ. शिवाय ‘ठ’चा तिसरा अंक १६० आहे, तो त्या तक्त्यात न तुटणाऱ्या कोऱ्या जागेचा, आणि पुष्कळ ठिकाणी त्याची साधी कोरी जागा होऊन जाते. ‘भ’चा अंक १७३, म्हणजे ओळ तोडण्यासाठीची अदृश्य रेघ. ‘विठ्ठल’ या शब्दात दोन ‘ठ’ आणि एक हलन्त. दुर्दैवाने तिन्ही याच यादीतले. अशा वाटेने गेलेल्या मेलमधून विठ्ठल परत आणायला गेले, तर हाती ‘विल’ लागण्याचा धोका आहे.

पोथीतील कसरीने खाल्लेली अक्षरे भरून काढणाऱ्या संपादकाला इथे ओळखीचे वाटेल. हरवलेल्या अक्षराचे पहिले दोन अंक बहुधा मागे उरतात. येननंतरचा अंक नाहीसा झालेला दिसला, तर मूळ चिन्ह पहिला उकार किंवा हलन्त, यांपैकी एक असणार. ‘प’ आणि ‘णे’ यांच्या मध्ये काय होते, हे ठरवायला मराठी वाचकाला यंत्राची गरज नाही.

ज्या मेलवर खरोखर इलाज नाही, तो दिसायला सर्वांत साधा असतो : ओळीने प्रश्नचिन्हे. पाठवणाऱ्याच्या किंवा मधल्या एखाद्या यंत्राने देवनागरी अक्षरांना ज्यात जागाच नाही अशा तक्त्यात मजकूर बळेच बसवला, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहून टाकले. ‘पुणे’ची चार प्रश्नचिन्हे होतात. ‘पुढे’चीही चारच. शब्दाची लांबी सोडून काहीही वाचलेले नसते. येनची आणि पौंडाची चिन्हे भीतीदायक दिसतात, पण ती आशेची खूण आहेत. नीटनेटकी प्रश्नचिन्हे म्हणजे मृत्यूची नोंद. अशा वेळी पाठवणाऱ्याकडून मूळ मजकूर पुन्हा मागवणे एवढाच उपाय उरतो. पोकळ चौकोन मात्र या जातीचे नव्हेत. तिथे मजकूर शाबूत असतो, त्या लिपीचा फॉन्ट तेवढा नसतो.

मराठीच्या वाट्याला यापेक्षा निराळी एक अडचण आली. वास्तविक भारतात तक्ता तयार होता. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या कामातून ‘इस्की’ ही पद्धत घडली. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ती ‘आयएस १३१९४’ म्हणून स्वीकारली. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व भारतीय लिप्यांना तिने एकच सामाईक तक्ता दिला. तेच अंक देवनागरीत दाखवा किंवा गुजरातीत, लिप्यंतर आपोआप होते. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे.

छापखान्यांत आणि कार्यालयांत मात्र राज्य केले ते फॉन्टांनी. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांमध्ये अंक ॲस्कीचेच, फक्त रोमन अक्षरांच्या चित्रांऐवजी देवनागरीचे तुकडे बसवलेले. कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘पुणे’ संगणकाच्या लेखी ‘आय, क्यू, पूर्णविराम, के, एस’ असतो. पलीकडे तो फॉन्ट नसला, की नेमके तेच दिसते. इथे माइमची किल्ली निरुपयोगी ठरते. ती प्रामाणिकपणे सांगते की मजकूर ॲस्की आहे, आणि तो असतोही! (इंग्रजी लिहिणाऱ्यांनाही या रोगाची चव मिळाली आहे. आउटलुक हसऱ्या चेहऱ्याची खूण विंगडिंग्ज या चित्रफॉन्टातील ‘जे’ने दाखवत असे, तो फॉन्ट न मानणाऱ्या वाचकांना वाक्याच्या शेवटी एकटाच ‘जे’ दिसे.) या त्रासाला कंटाळून परदेशातील आणि देशातील कितीतरी मराठी माणसे एकमेकांना रोमन लिपीतच मराठी लिहीत राहिली. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी सर्वसामान्य संगणकांवर दिसू लागली, तरी ती सवय पूर्णपणे सुटली नाही.

अशी जुनी पत्रे आज वाचायची तर आधी फॉन्ट ओळखावा लागतो, मग त्या फॉन्टाचा परिवर्तक लावावा लागतो. तिथेही निव्वळ अक्षरबदल पुरत नाही. टंकयंत्राच्या वळणाच्या या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर; रफार तिथे अक्षराच्या मागे येतो, इथे पुढे. परिवर्तक कच्चा असेल तर वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

एक बिघाड यांपैकी कोणत्याच खुणेने कळत नाही, आणि तो खास मराठीचा आहे. ‘दऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. हे अदृश्य चिन्ह पुष्कळ जुन्या मजकुरांत आहे, आणि त्याचा तिसरा अंकही तोच १४१, हलन्ताचा सोबती. एखाद्या प्रोग्रामने अनावश्यक म्हणून ते झाडून टाकले, तर पडद्यावर येन येत नाही, पौंड येत नाही, प्रश्नचिन्हही येत नाही. ‘सह्याद्रीतल्या खोल दऱ्या’ असे लिहिलेले पत्र ‘सह्याद्रीतल्या खोल दर्या’ होऊन पोहोचते, आणि डोंगरात समुद्र कुठून आला हा प्रश्न फक्त मराठी जाणणाऱ्यालाच पडतो.